कासवाच्या ताटातील जमाखर्च

(बी. कॉम. भाग दोन, मराठी विभाग)

आपल्याकडील कित्येक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. हातपाय व डोके आत ओढून घेणारा हा प्राणी आपल्या पूर्वजांना इंद्रियनिग्रहाचा आदर्श वाटला, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही स्थितप्रज्ञाला त्याचीच उपमा दिलेली आहे. दगडाच्या कासवाला नैवेद्य लागत नाही. जिवंत कासव घरात आले की मात्र त्याच्यापुढे रोज काय ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा 'घरात जे उरले असेल ते' असेच मिळते. हे उत्तर किती महाग पडते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी नाही. तेव्हा हा उद्योग मला कोणी सांगितला असे वाचक विचारतील. माझी मावशी देवासला व मामा धारला राहतात. माळव्यातील ही दोन्ही गावे मराठी वाचकाला अपरिचित नसावीत. धारला पवारांचे एक राज्य होते. देवासला तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांची, थोरली पाती व धाकटी पाती अशी, एकाच गावात दोन राज्ये १९४८ पर्यंत नांदली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत देवासलाच राहिले. तिथल्या मराठी घरांत आजही मराठी बोलतात, फक्त भाजीची नावे हिंदी व माळवी झाली आहेत. सुटीत मी गेले तेव्हा मावशीच्या घरी एक कासव आजारी होते, आणि धारला मामांच्या शेजारी दुसरे एक कासव ठणठणीत होते. या दोन कासवांची खाती ताडून पाहताना मला जे समजले ते येथे मांडते.

एक शब्द, दोन प्राणी

पहिली अडचण भाषेची आहे. मराठीत आपण जमिनीवरच्या व पाण्यातल्या दोघांनाही कासव म्हणतो. कन्नडमध्येही दोघांना 'आमे' व हिंदीत 'कछुआ'. इंग्रजीत मात्र दोन निराळे शब्द आहेत, आणि आहाराच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. विहिरीत व तळ्यात राहणारी कासवे बहुतेक मिश्राहारी असतात. मासे, गोगलगायी, किडे, मेलेले प्राणी व पाणवनस्पती असे सर्व काही ती खातात. जमिनीवरचे कासव मुख्यतः शाकाहारी. त्याचे पाय हत्तीच्या पायासारखे खांबाप्रमाणे असतात, बोटांमध्ये पडदा नसतो व पाठीची ढाल घुमटासारखी उंच असते. एवढी खूण ध्यानात ठेवली तरी पुरे. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकारच्या कासवासंबंधी आहे.

जमिनीवरच्या कासवाचे पोट गाई-म्हशींसारखे चार कप्प्यांचे नसते, पण काम बरेचसे तसेच चालते. त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जंतूंची वस्ती असते व ते गवतातील चोथा आंबवून त्यातून पोषण काढतात. म्हणून अशा कासवाला भरपूर चोथा, भरपूर कॅल्शियम, बेताची प्रथिने व अगदी थोडी साखर लागते. आपल्या जेवणात गोष्ट नेमकी उलटी असते. घरातील उरलेले अन्न कासवाला का मानवत नाही याचे निम्मे उत्तर येथेच आले.

आधी कायदा, मग भाजी

आहाराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले आपले देशी तारा कासव घरी पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण होतेच. २०१९ साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या पहिल्या परिशिष्टात समावेश झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) ते आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, गेले. विहिरीतून काढून टोपलीत ठेवलेली बहुतेक देशी पाणकासवेही अशीच संरक्षित आहेत.

परदेशी जातींची गोष्ट थोडी निराळी आहे. आफ्रिकेतील सल्काटा हे मोठे कासव हल्ली शहरांतून विकले जाते. ही जात आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा प्राण्यांची नोंद करण्यासंबंधी केंद्र सरकारने २०२४ साली नियम केले असून, ज्याच्या घरी असा प्राणी आहे त्याने 'परिवेश' या सरकारी व्यवस्थेवर तो नोंदवावा लागतो. नोंद नसलेला प्राणी हा बेहिशेबी मालच होय. आपण वाणिज्य शाखेची मंडळी. बेहिशेबी मालाचे काय होते ते आपल्याला सांगायला नको.

देवासचे कासव

मावशीकडचे कासव सल्काटा जातीचे. माझ्या मावसभावाच्या हट्टापायी काकांनी ते इंदूरहून आणले होते व त्याची रीतसर नोंदही केली होती. सल्काटा हा सहाराच्या दक्षिण सीमेवरील कोरड्या गवताळ मुलखातला प्राणी. लहानपणी तळहातावर मावतो, पण मोठा झाल्यावर चाळीस-पन्नास किलो सहज भरतो व माणसाइतका जगू शकतो. विकणारा ही दुसरी बाजू सहसा सांगत नाही.

दोन वर्षांच्या त्या कासवाची ढाल बोटाने दाबली तर दबत होती. चालताना पोट जमिनीला घासत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी छायाचित्र काढले व हाडे विरळ झाल्याचे सांगितले. त्यांनी मावशीला पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता. "हे रोज काय खातं?" असे त्यांनी विचारले. मावशीने यादी सांगितली : काकडी, टोमॅटो, कोबीची पाने, सकाळच्या पोळीचा कुस्करा, भिजवलेले हरभरे, आणि लाडाने रोज एक केळ्याचा तुकडा.

"मुलांना देते तेच त्याला देते हो," मावशी म्हणाली. "चांगलंचुंगलंच घालते."

मावशीचे म्हणणे खोटे नव्हते. तिने काटकसर केली नव्हती, उलट चांगलेच घातले होते. मग चुकले कोठे? याचे उत्तर मला अन्नघटकांच्या तक्त्यांत मिळाले, आणि ते तक्ते वाचताना आपण खातेवहीच वाचीत आहोत असे वाटले.

दोन खाती : कॅल्शियम व फॉस्फरस

कासवाची ढाल म्हणजे त्याच्या बरगड्या व मणके पसरून झालेली हाडांची पेटी. वरून शिंगाच्या द्रव्याच्या खपल्या. एवढी मोठी पेटी बांधायची तर कॅल्शियम भरपूर हवे. पण नुसते कॅल्शियम किती हे पाहून भागत नाही. त्याच अन्नात फॉस्फरस किती हेही पाहावे लागते. रक्तात या दोहोंचा तोल राहिला पाहिजे. फॉस्फरस वरचढ झाला की गळ्याजवळच्या परावटू ग्रंथी जाग्या होतात व हाडांतील कॅल्शियम काढून रक्तात आणतात. चालू खर्च भागेना म्हणून मूळ भांडवलाला हात घालावा, तसाच हा प्रकार. काही दिवस व्यवहार सुरळीत दिसतो, आणि मग एके दिवशी इमारतच मऊ झालेली आढळते.

कासवाच्या आहारात फॉस्फरसच्या निदान दीड ते दोन पट कॅल्शियम असावे असे जाणकार मानतात. आता मावशीची यादी पाहू. पुढील आकडे दर १०० ग्रॅममागे मिलिग्रॅमचे व ठोकळ आहेत. पहिला आकडा कॅल्शियमचा, दुसरा फॉस्फरसचा.

काकडी : १६ व २४
टोमॅटो : १० व २४
केळे : ५ व २२
कोबी : ४० व २६
गव्हाचे पीठ : ३४ व ३५७

काकडी, टोमॅटो, केळे ही तिन्ही खाती तोट्यात आहेत. सर्वात वाईट खाते गव्हाचे : एक भाग कॅल्शियमला दहा भाग फॉस्फरस. हरभऱ्याची गतही थोड्याफार फरकाने तशीच, शिवाय त्यात प्रथिने फार. माळव्याचा गहू व हरभरा नामांकित खरा. पण गवतावर जगणाऱ्या प्राण्याच्या हाडांना तो मानवत नाही. कोबीचे प्रमाण बरे दिसते, परंतु कोबी, फ्लॉवर व मोहरी या कुळातील भाज्या रोज व भरपूर दिल्या तर त्यांतील द्रव्ये आयोडीनच्या कामात अडथळा आणतात व अवटू ग्रंथीला सूज येऊ शकते. कधीमधी एखादे पान चालते, रोजचा रतीब चालत नाही.

आता दुसरी यादी पाहा.

शेवग्याचा पाला : १८५ व ११२
फड्या निवडुंगाची फडी : १६४ व १६
दुधी भोपळा : २६ व १३
भेंडी : ८२ व ६१
कोथिंबीर : ६७ व ४८

निवडुंगाच्या फडीने येथे पहिला नंबर पटकावला आहे. फॉस्फरसच्या दहा पट कॅल्शियम! बांधावर फुकट मिळणारी ही वस्तू, आणि आपण पैसे मोजून टोमॅटो आणतो. अर्थात फडीचे मोठे काटे व केसासारखी बारीक कुसे विस्तवावर भाजून व खरवडून पूर्ण काढली पाहिजेत.

पालकाची थकबाकी

डॉक्टरांकडून परतल्यावर मावशीने दुसऱ्याच दिवशी दोन जुड्या पालक आणला. पालकाच्या खात्यावर कॅल्शियम ९९ व फॉस्फरस ४९ असा चोख दुप्पट हिशेब दिसतो. पण ताळेबंदाखालची बारीक टीप वाचल्याशिवाय कंपनीचे भाग घेऊ नयेत असे आमचे प्राध्यापक सांगतात. पालकाची बारीक टीप म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल. शंभर ग्रॅम पालकात ते सुमारे ९७० मिलिग्रॅम असते. हे आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते आणि त्याचे न विरघळणारे क्षार बनवते. रसायनाच्या हिशेबाने ९० भाग ऑक्झॅलिक आम्ल ४० भाग कॅल्शियमला बांधते. म्हणजे ९७० मिलिग्रॅम आम्लाची बांधण्याची कमाल ताकद सुमारे ४३० मिलिग्रॅम कॅल्शियमची. पालकाजवळ स्वतःचे आहे केवळ ९९. उरलेली मागणी तो शेजारच्या भाजीतील कॅल्शियमकडे करू शकतो. प्रत्यक्षात सगळेच आम्ल मोकळे नसते, म्हणून एवढी पूर्ण वसुली होत नाही. तरी कागदावर श्रीमंत दिसणारा पालक व्यवहारात फारसे देत नाही हे खरे.

राजगिरा, चाकवत, घोळ व बीटाची पाने यांच्यातही हे आम्ल बरेच असते. या भाज्या विषारी नव्हेत. इतर पाल्यात मिसळून अधूनमधून दिल्यास बिघडत नाही. रोज त्याच द्याव्यात असे मात्र नाही.

रोजचे ताट कसे असावे

सल्काटासारख्या कासवाच्या ताटात तीन चतुर्थांशाहून अधिक भाग गवताचा असावा. आपली हरळी, म्हणजेच गणपतीची दूर्वा, ही उत्तम. उन्हाळ्यात हिरवी मिळाली नाही तर वाळलेले स्वच्छ गवत बारीक कापून व पाणी शिंपडून द्यावे. उरलेल्या भागात जास्वंदीची पाने व फुले, तुतीचा पाला, न फवारलेल्या द्राक्षवेलीची पाने, शेवग्याचा पाला, निवडुंगाची फडी यांची आलटूनपालटून योजना करावी. मेथी व कोथिंबीर थोडी थोडी चालेल. दुधी, भेंडी, गाजराचा कीस हे केवळ चवीपुरते. लसूणघासात कॅल्शियम चांगले, पण प्रथिने अधिक. म्हणून वाढत्या कासवाला मूठभर, रोजचे मुख्य अन्न म्हणून नव्हे.

फळांतील साखरेने आतड्यातील जंतूंची वस्ती बिघडते व हगवण लागते. तेव्हा गवताळ प्रदेशातील कासवाला केळे-आंब्याची सवयच लावू नये. कांदा व लसूण मुळीच नकोत. पोळी, भात, बिस्किटे, शेव (माळव्यात कोणालाही शेव खिलवण्याचा मोह होतो), दूध, मांस, कुत्र्या-मांजरांचे तयार खाद्य हे सर्व वर्ज्य.

कॅल्शियमची पुरवणी म्हणून समुद्रफेनाचा तुकडा कासवापुढे ठेवावा. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. लागेल तसा ते कुरतडते.

येथे आमच्या काकांनी एक आक्षेप घेतला. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचे अल्डाब्रा बेटावरील महाकाय कासव होते. ते २००६ च्या मार्चमध्ये मेले व त्याचे वय अडीचशेच्या आसपास असावे असे सांगतात. काकांनी वर्तमानपत्रात वाचले होते की ते गव्हाचा कोंडा, भिजवलेले हरभरे व पावसुद्धा खात असे. "मग आमच्या पोळीनं असं काय बिघडलं?" असा त्यांचा सवाल. प्रश्न रास्त आहे. पण एका व्यापाऱ्याने उधारीवर धंदा करून बंगला बांधला म्हणून उधारी हे भांडवल ठरत नाही. अद्वैताच्या आहारात गवत व पालेभाजीही होती, फिरायला मोकळी जागा होती, डोक्यावर बारा महिने ऊन होते, आणि त्याची वाढीची वर्षे केव्हाच सरली होती. आपल्यासमोर आहे वाढते पिल्लू, बाल्कनीत ठेवलेले. दोन खाती एकाच मापाने मोजता येत नाहीत.

नावांचे घोटाळे

आपला अंक दोन भाषांचा आहे, म्हणून हा भाग मी मुद्दाम लिहीत आहे. आमच्या घरात मराठी व अंगणाबाहेर कन्नड. देवासला गेल्यावर त्यात हिंदीची भर पडली, आणि वनस्पतींची नावे भाषेची सीमा ओलांडताना कशी दगा देतात ते कळले.

मराठीत 'हरळी' म्हणजे दूर्वा, कासवाचे सर्वोत्तम अन्न. कन्नडमध्ये 'हरळु' म्हणजे एरंड. एरंडेल तेलाला 'हरळेण्णे' म्हणतात. एरंडाच्या बियांत रिसिन हे जहाल विष असते. दूर्वेला कन्नडमध्ये 'गरिके' म्हणावे. एका अक्षराच्या फरकाने अन्नाचे विष होते ते असे.

'भोपळा' आणा असे मराठीत सांगितले तर लाल भोपळाही येईल किंवा दुधीही. कन्नडमध्ये कुंबळकाई व सोरेकाई, हिंदीत कद्दू व लौकी अशी स्वतंत्र नावे आहेत. कासवाच्या हिशेबात दोहोंत मोठा फरक आहे : दुधीत कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट, तर लाल भोपळ्यात (२१ व ४४) बरोबर उलटे. माळव्यात 'गिलकी' म्हणतात ते आपले घोसाळे, कन्नडमधील 'तुप्पद हीरेकाई', दोडका नव्हे.

लसूणघासाचा लसणीशी संबंध नाही आणि गाजर गवताचा गाजराशी नाही. हे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, अमेरिका खंडातून आले व पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस पडले. आता धार-देवासच्या प्रत्येक रस्त्याकडेला ते आहे. त्याची कोवळी पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात. माझ्या मावसभावाने एकदा तोच पाला आनंदाने तोडून आणला होता. शेजारच्या भाजीवाल्या बाईने पाहिला म्हणून तो टळला. ज्या वनस्पतीचे फूल, पान व नाव या तिन्ही गोष्टी ओळखता येत नाहीत ती तोडूच नये.

ज्यांना हात लावू नये त्या वनस्पती

कासव विषारी पाला आपण होऊन टाळते ही समजूत धोक्याची आहे. मोकळ्या रानात त्याच्यासमोर शंभर वनस्पती असतात, ते एकेकीचे घासभर खाऊन पुढे जाते. अंगणात निवड नसते. पुढे येईल ते खाल्ले जाते.

कण्हेर, तांबडी असो वा पिवळी (बिट्टी), सर्वांगाने विषारी. तिच्यातील द्रव्ये हृदयाचे ठोके बिघडवतात. कन्नडमध्ये हिला 'कणगिले' व हिंदीत 'कनेर' म्हणतात. जास्वंदीच्या शेजारीच ती लावलेली असते, म्हणून विशेष जपावे. धोतरा (कन्नड 'उम्मत्ति') मज्जासंस्थेवर परिणाम करतो. रुईचा चीक, गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया, घाणेरीचा पाला हे सर्व घातक. अळूची कच्ची पाने, तसेच दिवाणखान्यातील मनीप्लँट व डिफेनबाखिया यांच्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते तोंडात व घशात रुततात आणि सूज येते. बटाटा व टोमॅटोची पाने, हिरवे पडलेले व कोंब फुटलेले बटाटे हेही नकोत. माळव्यात बटाट्याचे पीक मोठे, काढणीच्या वेळी त्याचा पाला ढिगांनी पडलेला असतो. फुकट आहे म्हणून तो उचलू नये.

माळव्यातील नाल्यांच्या काठी 'बेशरम' नावाचे गुलाबी फुलांचे झुडूप माजलेले असते. हे रताळ्याच्याच कुळातले. रताळ्याची पाने कासवाला चालतात, बेशरमाची मात्र शेळ्यामेंढ्यांनाही बाधतात. सख्खे कुळ पाहून जामीन राहू नये हा धडा येथेही लागू पडतो.

याशिवाय एक न दिसणारे विष म्हणजे फवारणी. सोयाबीनच्या शेताच्या बांधावरचे गवत कितीही हिरवे दिसले तरी तणनाशक पडले नसल्याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नये. बाजारातील पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुवावी. फुलवाल्याकडील गुलाबावर औषधे मारलेली असतात. घरचाच गुलाब द्यावा.

ऊन, पाणी व थंडी

आहार कितीही चोख असला तरी उन्हाविना तो अंगी लागत नाही. उन्हातील जंबुपार किरणांनी त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते व त्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषले जात नाही. काचेतून आलेले ऊन यासाठी उपयोगी पडत नाही. सकाळचे कोवळे ऊन व शेजारी सावली, असे दोन्ही उपलब्ध हवे. माळव्याच्या मे महिन्यात तर सावली हवीच हवी.

ढालीवर उंचवटे येतात ते प्रथिनांमुळे असे पूर्वी ठामपणे सांगत. २००३ साली व्हीसनर व इबेन या संशोधकांनी सल्काटाच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की कोरड्या हवेचा वाटा त्यात प्रथिनांपेक्षा मोठा आहे. म्हणून पिलांना नियमाने कोमट पाण्यात थोडा वेळ बसवावे व निजण्याची जागा जरा दमट राखावी.

माळव्याची थंडी आपल्याकडच्यापेक्षा कडक. गारठ्यात कासवाचे पचन मंदावते व ते खायचे थांबते. अशा वेळी तोंड उघडून कोंबू नये. आधी ऊब द्यावी. सल्काटा व तारा कासव हिमनिद्रा घेणाऱ्या जाती नव्हेत, तेव्हा 'थंडीत ते झोपतेच' असे समजून दुर्लक्ष करणेही बरे नाही.

धारचे कासव

आता दुसरे खाते. धारला मामांच्या शेजारच्या जुन्या वाड्यात एक तारा कासव होते. कोणी आणले ते वाड्यात कोणालाच आठवत नव्हते. तेथील आजी सून म्हणून आल्या तेव्हापासून ते परसात होते. त्याला कोणी कधी ताट वाढले नाही. परसात हरळी, जास्वंदी, एक तुतीचे झाड. पडलेली फुले व गवत ते खाई. त्याची ढाल दगडासारखी टणक. आजींना कॅल्शियम हा शब्दही ठाऊक नव्हता, आणि देवासला फळभाजीवर जेवढे पैसे खर्च झाले त्याचा शतांशही तेथे झाला नव्हता.

पण कायद्याने ते कासव त्यांचे नव्हते. मामांनी हे त्यांना समजावून सांगितले, तेव्हा आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सरकारचं असेल तर सरकारला देऊ. पण ते लोक त्याला काय खायला घालतील, हे कोण सांगणार?" दंडाची वा चौकशीची भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, चिंता होती ती एवढीच.

मी त्यांच्या समोर बसून हिंदीत एक कागद लिहिला. 'दूब, गुड़हल के फूल, शहतूत के पत्ते. रोटी नहीं, केला नहीं' अशा चार-पाच ओळी. आजींनी शेवटी आणखी एक ओळ घालायला लावली : सकाळी उन्हात सोडावे. मामांनी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन कासव व तो कागद दोन्ही दिले आणि पोच घेतली. पोच मामांच्या कपाटात आहे. असे कासव परस्पर रानात सोडून देणे योग्य नव्हे हेही येथे सांगितले पाहिजे. ते कोणत्या मुलखातले हे माहीत नसते, रोगही पसरू शकतात, आणि कोठे सोडायचे हे ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे.

देवासच्या कासवाचे पुढे काय झाले असे वाचक विचारतील. पोळी व केळे बंद झाले. काकांनी गच्चीवर कुंड्यांतून हरळी व अंगणात जास्वंद लावली. डॉक्टरांचे कॅल्शियमचे औषध चालू राहिले. मावशीच्या पत्राप्रमाणे सहा महिन्यांनी ढाल दाबली जाईनाशी झाली व चालताना पोट उचलले जाऊ लागले. पाठीवरचे उंचवटे मात्र आहेत तसेच आहेत. ते जाणार नाहीत असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. हाडांच्या वहीत मागल्या तारखेची दुरुस्ती होत नाही, पुढील पानेच तेवढी नीट लिहिता येतात.

तात्पर्य

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल :

१. देशी कासव पाळू नये. परदेशी कासव असल्यास त्याची नोंद करावी, आणि ते आणण्यापूर्वी मोठेपणी ते केवढे होईल व आपल्यामागे त्याला कोण सांभाळील याचा विचार करावा.

२. कासव कोणत्या जातीचे व कोणत्या मुलखातले आहे हे आधी समजून घ्यावे. आहार त्यावरून ठरतो.

३. गवत व पाला हे मुख्य अन्न, फळभाजी चवीपुरती, धान्य व पोळी मुळीच नाही.

४. भाजीची किंमत बाजारभावावरून ठरवू नये. तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण आणि ऑक्झॅलिक आम्लाची टीप पाहावी.

५. न ओळखता येणारी वनस्पती तोडू नये, आणि नुसत्या नावावर विसंबू नये. दोन भाषांच्या घरात तर अधिकच जपावे.

६. ऊन, पाणी व ऊब यांवाचून उत्तम आहारही वाया जातो.

आपल्या कॉलेजातील कित्येकांच्या घरी, परसात वा विहिरीत, एखादे कासव असेलच. हा अंक घरी नेल्यावर त्याच्यापुढे काय पडते आहे एवढे एकदा पाहावे. कन्नड विभागातील मित्रांनी वरील नावांत आपल्या गावची नावे भरून ही यादी पुरी केली, तर ती दोन्ही भाषांतील वाचकांच्या उपयोगी पडेल.